काठी अजून हातातच का?

चंद्रावर यान उतरतं, चालकाशिवाय मोटारी धावतात, मग दृष्टिहीन माणसाच्या हातात अजून काठीच का? हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काकाही विचारतात. त्यात कळवळा असतो आणि थोडी घाईही. काठी म्हणजे नाइलाज, आणि कुणीतरी हुशार माणूस डोकं लावत नाही म्हणून तो अजून चाललाय, असा काहीसा समज त्यामागे असतो.

डोकी पुष्कळ लागली आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत काठीची जागा घ्यायला निघालेली यंत्रं डझनांनी आली. बहुतेक कपाटात गेली. जी टिकली, त्यांतली बरीचशी काठीच्याच मुठीवर जाऊन बसली. असं का झालं ते समजायला यंत्राआधी काठीपासूनच सुरुवात करावी लागेल.

१. काठीला काय काय कळतं?

पांढरी काठी आणि तिचा आजचा वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२१ मध्ये ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराची अपघातात दृष्टी गेली. घराभोवती वाढलेल्या वाहनांना आपण दिसावं म्हणून त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. म्हणजे तो रंग दुसऱ्यांसाठी होता. काठी स्वतःसाठी वापरायची पद्धत बसवली ती अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक पेनसिल्व्हानियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात येत होते. हूव्हरनी त्यांच्यासाठी आधाराची आखूड, जाड काठी बाजूला ठेवली आणि लांब, हलकी काठी घेतली. ती छातीच्या हाडापर्यंत पोचेल इतकी उंच. चालताना ती खांद्याइतक्या रुंदीत डावी-उजवीकडे फिरवायची. डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठी आधीच पाहून ठेवते.

पाहून ठेवते म्हणजे काय? डांबर, मुरूम, फरशी आणि ओली माती यांवर टोक वेगवेगळं थरथरतं. गटाराच्या लोखंडी झाकणावर ते पोकळ वाजतं. पायरी खाली उतरत असेल तर टोक टेकतच नाही, आणि त्या न टेकण्यातच सगळी बातमी असते. ही बातमी थेट तळहातात येते, एका क्षणाचाही उशीर न लागता. बॅटरी नाही, पावसाची भीती नाही. मोडली तर शेदोनशे रुपयांत दुसरी. इतक्या कमी पैशांत इतकं काम करणारं दुसरं यंत्र दाखवा म्हटलं तर मला चटकन सुचणार नाही.

पण काठीला दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली म्हणजे गुडघ्याच्या वरचं जग. काठी जमिनीजवळ फिरते. टेम्पोच्या मागून बाहेर आलेल्या सळया, टपरीची वर उचलून टेकवलेली फळी, रस्त्यावर उघडणारी खिडकी, दुकानापुढची खाली लोंबलेली ताडपत्री यांच्याखालून ती बिनधास्त निघून जाते आणि मागोमाग येणाऱ्या कपाळाला ते कळतं. दुसरी गोष्ट लांबची. काठीची पोच पावलापुढे साधारण एक मीटर. सेकंदाला एक मीटर या बेताच्या चालीनं निघालं तर अडथळा कळल्यापासून तो अंगावर येईपर्यंत हाती एक सेकंद उरतो. बसथांबा कुठे आहे, आपण कुठल्या गल्लीत वळलो, हे तर काठीच्या खात्यातच नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. दृष्टिहीन म्हणजे डोळ्यांपुढे काळाकुट्ट अंधार, हे थोड्यांच्याच बाबतीत खरं आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यात अंधत्वाची एक मोजपट्टी आहे. चष्मा वगैरे सगळं करूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी. निरोगी डोळा जे अक्षर ६० मीटरवरून ओळखतो, ते या माणसाला ३ मीटरवर येऊनही ओळखता येत नाही. पण त्याला दारातला उजेड दिसत असेल, पिवळा पट्टा दिसत असेल. काहींना समोरचं चिमूटभर वर्तुळ स्वच्छ दिसतं आणि आजूबाजूचं काहीच नाही. असा माणूस काठी घेऊन चालतो आणि गाडीत बसल्यावर पेपर वाचतो. मग शेजारचे त्याच्याकडे संशयानं बघतात.

२. भिंत गालाला कळते?

अनेक दृष्टिहीन माणसं भिंतीच्या दोन-तीन पावलं अलीकडे आपोआप थांबतात. हे जुनं निरीक्षण आहे. फ्रेंच लेखक दिदरो यानं १७४९ मध्ये एका अंध माणसाबद्दल लिहिताना नोंदवलं होतं, की वस्तू जवळ आल्याचं त्याला चेहऱ्यावरच्या हवेवरून समजतं. पुढे या शक्तीला 'चेहऱ्याची दृष्टी' असं नावच पडलं. गंमत अशी, की दृष्टिहीन माणसंही हेच सांगत. गालावर, कपाळावर काहीतरी दाटून आल्यासारखं वाटतं म्हणत.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात याचा छडा लागला. संशोधकांपैकी मायकेल सुपा स्वतः दृष्टिहीन होते. लांब दालनात एक मोठा फळा उभा करायचा, कधी जवळ तर कधी लांब. त्याच्या दिशेनं चालायचं आणि अडथळा जाणवला की हात वर करायचा. आधी चालणाऱ्यांचं तोंड जाड नमद्यानं झाकलं. गालाला हवा लागायची सोयच उरली नाही. तरी फळा कळत राहिला. मग तोंड मोकळं ठेवून कान बंद केले. आता मात्र प्रत्येक वेळी धडक! शेवटचा प्रयोग तर नाटकासारखा आहे. चालणाऱ्यानं हातात मायक्रोफोन धरला, आणि अडथळा ओळखणारा माणूस बसला दुसऱ्याच बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून. दुसऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं फळा जवळ आल्याचं सांगितलं. १९४४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गालाचा काही संबंध नव्हता. कान ऐकत होता आणि मन त्याचं श्रेय गालाला देत होतं.

हे तुम्हालाही करून पाहता येईल. डोळे मिटा, 'शूऽऽऽ' असा सलग आवाज काढा आणि दुसऱ्या कुणाला एक जाड वही तुमच्या तोंडासमोर हळूहळू जवळ आणायला सांगा. वीतभर अंतरावर आली की 'शूऽऽ'चा पोत बदलतो, आवाज आखडल्यासारखा होतो. तोच तुमचा पहिला धडा.

योगायोगानं १९४४ याच वर्षी डोनाल्ड ग्रिफिन यांनी वटवाघळांच्या बाबतीत या विद्येला इंग्रजीत नाव दिलं. आपण प्रतिध्वनीवरून जागा ओळखणं म्हणू. वटवाघळं माणसाला न ऐकू येणारी किंकाळी मारतात आणि परत आलेल्या आवाजावरून भिंत, फांदी, किडा ओळखतात. इंजिनिअरांना इथे दार उघडं दिसलं.

३. हाक मारायची आणि उत्तर मोजायचं

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. कड्यासमोर उभं राहून 'ओऽ' अशी हाक मारली, की थोड्या वेळानं ती परत येते. जितका वेळ जास्त, तितका कडा लांब. यंत्र हेच करतं. फक्त त्याची हाक सेकंदाला साधारण ४० हजार कंपनांची असते आणि आपला कान २० हजारांच्या वरचं ऐकत नाही. अशा आवाजाला शाळेच्या पुस्तकात श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

एक सोपं गणित करू. मीनाताई नावाच्या एक दृष्टिहीन शिक्षिका असं यंत्र घेऊन चालल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे ३ मीटरवर एक टेम्पो उभा आहे. हाक ३ मीटर जाणार, ३ मीटर परत येणार, एकूण ६ मीटर. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. ६ भागिले ३४३ म्हणजे साडेसतरा सहस्रांश सेकंद. टेम्पो दीड मीटरवर असता तर याच्या निम्मा वेळ. यंत्राला एवढंच करायचंय, घड्याळ लावायचं आणि भागाकार करायचा.

आवाजच का, उजेड का नाही? कारण आवाज संथ आहे आणि संथपणा स्वस्त पडतो. तेच ६ मीटर प्रकाश सेकंदाच्या पाच कोटीव्या भागात संपवतो. ते मोजायला कितीतरी जास्त चपळ घड्याळ लागतं. साडेसतरा सहस्रांश सेकंद मात्र खेळण्यातली चिपही मोजते. उन्हाळ्यात हवा तापली की आवाज जरा जोरात पळतो. नागपूरच्या ४५ अंशांत सेकंदाला सुमारे ३५८ मीटर. म्हणजे २० अंशांचा हिशेब धरून बनवलेलं यंत्र ३ मीटरवरचा टेम्पो १३ सेंटिमीटर अलीकडे सांगेल. वीतभरही नाही. चालणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडेच. कॅरममध्ये स्ट्रायकर कडेवर सरळ मारला तर तुमच्याकडे परत येतो. तिरका मारला तर भलतीकडेच जातो. गुळगुळीत भिंतीवर तिरकी पडलेली हाक अशीच निघून जाते, आणि उत्तर आलं नाही म्हणून यंत्र समजतं की समोर मोकळं मैदान आहे. जाड पडदा किंवा कापसाचं गाठोडं हाक गिळूनच टाकतं. आणि खड्डा? खड्डा म्हणजे काही नसणं. समोर पाहणाऱ्या यंत्राला 'काही नाही' हे मोकळ्या रस्त्यासारखंच वाटतं. आपल्याकडच्या पदपथावर उघडं गटार ही काही अपवादाची गोष्ट नाही. तिथे काठीचं न टेकलेलं टोकच उपयोगी पडतं.

काचेच्या दाराला मात्र आवाज फसत नाही, प्रकाश फसतो. काचेतून प्रकाश आरपार जातो, आवाज परततो. मॉलमध्ये काचेवर आपटणारे बहुतेक जण डोळसच असतात हे एक ध्यानात ठेवण्यासारखं.

४. कानाची जागा आधीच भरलेली

पहिली गाजलेली यंत्रं न्यूझीलंडशी जोडलेली आहेत. लेस्ली के या इंजिनिअरनी ध्वनीची बॅटरी म्हणता येईल असा 'सॉनिक टॉर्च' १९६० च्या दशकात आणला. तो हातात धरून फिरवायचा, आणि अडथळ्याचं अंतर सुरात ऐकू यायचं, लांबचं वरच्या पट्टीत, जवळचं खालच्या. पुढे के यांनी तेच चष्म्याच्या चौकटीत बसवलं आणि दोन्ही कानांना वेगवेगळे सूर दिले. त्यामुळे वस्तू डावीकडे आहे की उजवीकडे तेही कळू लागलं. सराव झालेल्यांना तर पोतही ओळखू येई, खांबाचा सूर स्वच्छ आणि झुडपाचा खरखरीत. कल्पना म्हणून हे यंत्र मला आजही सर्वांत सुंदर वाटतं. अडचण एकच, आणि ती मोठी. ते शिकायला पुष्कळ वेळ लागे आणि ते कान अडवून बसे.

डोळस माणूस म्हणतो, कान तर रिकामेच आहेत, द्या त्यांना काम! दृष्टिहीन माणसाचे कान कधीच रिकामे नसतात. रस्ता ओलांडताना तो गाड्यांच्या आवाजावरून रस्त्याची दिशा धरतो. बेकरी, पिठाची गिरणी, देवळातली घंटा या त्याच्या खुणा. गल्लीचं तोंड आलं की बाजूच्या भिंतीवरून परतणारा पावलांचा आवाज अचानक सुटतो, आणि त्यावरून त्याला वळण कळतं. अशा कानात सतत सूर ओतायचे म्हणजे वाचणाऱ्याच्या पानावर दिव्यांची माळ लावण्यासारखं. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यावर हा मुद्दा एकदम ठळक झाला. हळू जाणारी विजेची मोटार जवळजवळ मुकी असते. म्हणून युरोपीय संघानं १ जुलै २०२१ पासून अशा सगळ्या नव्या मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं केलं.

न्यूझीलंडचेच जेफ्री मोवाट यांनी वेगळी वाट धरली. त्यांचा सेन्सर हातात मावणारा. तो बोलत नसे, नुसता थरथरत असे. अडथळा जितका जवळ तितकी थरथर जलद. माहिती कमी, पण कान मोकळे. अमेरिकेत त्याच सुमारास लेझर काठी आली. तिच्यातून तीन किरण निघत, एक डोक्याच्या उंचीवर, एक समोर आणि एक खाली उतार शोधायला. खड्डा शोधण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण किंमत भारी, आणि काठी पडली की लेझरही पडला.

या सगळ्यातून एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. यंत्र किती सांगतं यापेक्षा ते केव्हा गप्प बसतं यावर त्याचं आयुष्य ठरतं.

५. मुठीत बसलेलं यंत्र

दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हा धडा नीट गिरवला. त्यांची 'स्मार्टकेन' ही काठी नव्हे, मूठ आहे. नेहमीच्या घडीच्या पांढऱ्या काठीवर ती वरून बसवायची. काठी आपलं काम करत राहते, मुठीतून श्राव्यातीत हाक निघते आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा पट्टा तपासते. म्हणजे काठीला जे कळत नाही नेमकं तेवढंच. उत्तर थरथरीतून तळहातात येतं आणि अंतर बदललं की थरथरीची लय बदलते. दिल्लीच्या सक्षम ट्रस्टनं ती दृष्टिहीन वापरकर्त्यांपर्यंत नेली, चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सनं ती बनवली, ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनं पैसा दिला, आणि २०१४ मध्ये ती सुमारे ३ हजार रुपयांत बाजारात आली. परदेशी यंत्रं तेव्हा याच्या कितीतरी पट महाग होती.

मला तिच्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते एक साधं बटण. बाहेर रस्त्यावर यंत्र ३ मीटरपर्यंत पाहतं, घरात किंवा गर्दीत ते १.८ मीटरवर आणता येतं. का? पुन्हा मीनाताईंकडे जाऊ. त्या दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला चढल्या. ३ मीटरच्या आत सतत कुणीतरी असणारच. हात अखंड थरथरत राहिला तर थोड्याच वेळात मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, जसं आपण पंख्याचा आवाज ऐकायचं सोडून देतो. मग खरा खांब आला तरी तो 'पंख्या'तच जमा होतो. कमी पाहिलं, म्हणून कामाचं पाहिलं.

तरी शिकावं लागतंच. पट्टा किती रुंद आहे, मूठ किती तिरपी धरली की डोक्याऐवजी आभाळच तपासलं जातं, हे प्रशिक्षकाबरोबर चालल्याशिवाय हातात बसत नाही. आपल्याकडे दानशूर मंडळी समारंभात पन्नास काठ्या वाटतात, फोटो काढतात. शिकवणाऱ्याच्या पगाराला मात्र देणगीदार मिळत नाही.

६. शेवटची दहा पावलं

आता दुसरा प्रश्न, मी कुठे आहे? याचं उत्तर आकाशातून येतं. अमेरिकेनं जीपीएसची नागरी वापरातली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कमतरता मे २००० मध्ये काढून टाकली, आणि आज मोकळ्या आकाशाखाली फोन तुमची जागा साधारण ५ मीटरच्या आत सांगतो. स्क्रीन वाचून दाखवणारी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहेच. त्यामुळे 'डावीकडे वळा' हे दृष्टिहीन माणसालाही तितकंच सहज ऐकू येतं. हे काम फोननं खरोखर पार पाडलंय. त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

पण ५ मीटर म्हणजे किती? गिरगावातल्या गल्लीत ५ मीटर म्हणजे हा पदपथ की तो, एवढा फरक. वर दोन्हीकडे उंच इमारती असल्या की उपग्रहाचा संदेश भिंतींवरून आपटून येतो आणि फोनला वाटतं आपण शेजारच्या आळीत आहोत. जो प्रतिध्वनी मीनाताईंना वाट दाखवतो, तोच फोनला चकवतो. 'तुम्ही पोचलात' असं फोन म्हणतो आणि दार अजून दहा पावलं पुढे असतं. डोळसाला या दहा पावलांची जाणीवसुद्धा होत नाही.

बसथांब्यावर हीच दहा पावलं वेगळ्या रूपात येतात. बस आली हे आवाजावरून कळतं, पण कितवी? शेजारच्याला विचारावं तर तो स्वतःच्या फोनमध्ये. दिल्ली आयआयटीच्याच प्रयोगशाळेनं यासाठी एक जोडी बनवली, एक यंत्र प्रवाशाच्या हातात, एक बसमध्ये. बटण दाबलं की रेडिओ लहरींनी विचारणा जाते आणि जवळच्या बसवरचा स्पीकर नंबर बोलून दाखवतो. स्पीकर दारापाशी, त्यामुळे नंबरही कळतो आणि त्या आवाजाच्या रोखानं चढायचं दारही सापडतं. मुंबईत बेस्टच्या काही बसमध्येही ही जोडी चाचणीसाठी लावली होती. एका प्रश्नाला एक उत्तर देऊन यंत्र गप्प बसतं, हे मला पुन्हा आवडतं. कॅमेऱ्यावर चालणारी नवी ॲप याच बाबतीत अजून बडबडी आहेत. दुकानाची पाटी किंवा औषधाचं वेष्टन ती छान वाचून दाखवतात, पण चालताना 'माणूस, माणूस, खुर्ची, माणूस' हे ऐकून कुणाला रस्ता सापडणार?

७. यंत्र रस्त्यातच असेल तर?

सगळी हुशारी माणसाच्याच हातात का द्यायची? १९६७ च्या मार्चमध्ये जपानच्या ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या एका रस्त्यावर, सेइची मियाके यांनी शोधलेल्या उंचवट्यांच्या फरशा बसवल्या. आज मेट्रो स्थानकांत दिसणाऱ्या पिवळ्या फरशा त्यांच्याच वंशातल्या. लांब पट्ट्या म्हणजे चाला, गोल ठिपके म्हणजे थांबा. यात वीज नाही, पण तळपायाला वाचता येणारी ही लिपी कुठल्याही यंत्राच्या तोडीची आहे. पिवळा रंग, अर्थात, ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी.

मुंबईच्या काही लोकल स्थानकांवर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर सतत टीक-टीक करणारा बीपर आहे. त्याला कॅमेरा नाही, उपग्रह नाही, चार्जिंगची कटकट प्रवाशाच्या मागे नाही. शेवटच्या दहा पावलांचा प्रश्न एवढ्याशा डबीनं त्या जागेपुरता सोडवलाय.

आणि आमच्या भागात पदपथावर याच पिवळ्या फरशा टाकल्या आहेत. त्या वळणापर्यंत नीट जातात, मग एका विजेच्या डीपीला सरळ भिडतात. डीपीच्या अलीकडे रोज दोन दुचाकी उभ्या असतात. काठीचं टोक टायरला लागतं. मुठीतलं यंत्र असेल तर तेही थरथरतं. दोघांचंही बरोबर असतं. मग चालणारा पदपथाची कड काठीनं चाचपतो, खाली रस्त्यावर उतरतो, मागून येणाऱ्या गाड्यांकडे कान ठेवून दहा पावलं टाकतो आणि पुन्हा वर चढतो.